मोटारीची अंतर्गत भाषा आणि तिचे वाचन

गेल्या मे महिन्यात बऱ्हाणपूर उन्हाने भाजून निघत होते आणि माझ्या मोटारीचे इंजिन मात्र आपण उणे ४० अंशांवर आहोत असे सांगत होते. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, रेडिएटरचा पंखा थांबायला तयार नाही. गॅरेजमध्ये यंत्र जोडून ‘पी०११८’ हा कोड काढला गेला. “सर, सेन्सर गेला,” म्हणून नवा बसवला. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. तेव्हा भौतिकशास्त्राचे आमचे एक सहकारी म्हणाले, “तुम्ही भाषेची माणसं, एकदा स्वतः वाचून तर पाहा.”

पूर्वी मोटारीत प्रत्येक कामाला वेगळी तार असे. उपकरणे वाढली तसे तारांचे भेंडोळे आवरेना. जर्मनीच्या बॉश कंपनीने त्यावर ‘कॅन’ ही व्यवस्था काढली आणि १९८६ साली ती जाहीरपणे मांडली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, आणि इंजिन, ब्रेक, दरवाजे यांचे नियंत्रक त्यांवरच बोलतात. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो. वाचला जातो तो दोहोंतला फरक, म्हणून संदेश शाबूत राहतो.

मला नवल वाटले ते संदेशाच्या रचनेचे. त्यात ‘कोणासाठी’ हे लिहिलेलेच नसते. वाड्याच्या चौकात कोणी “नळ आला!” म्हणून ओरडावे आणि ज्याला गरज त्याने बादली घेऊन धावावे, तसे. आरंभी विषयाचा क्रमांक, पुढे जास्तीत जास्त आठ बाइट मजकूर; बाइट म्हणजे ० ते २५५ मधील एक संख्या. दोघे एकदम बोलू लागले तर दोघेही आपला क्रमांक अंकाअंकाने उच्चारतात. तारेवर ० हा १ वर मात करतो. आपण १ म्हटले आणि ऐकू ० आले, की तो नियंत्रक गप्प बसतो आणि नंतर पुन्हा बोलतो. लहान क्रमांक जिंकतो, आणि त्याचे एक अक्षरही बिघडत नाही. आमच्या सभांना हे जमलेले नाही.

व्याकरण असे सर्वांचे एक, पण शब्दकोश ज्याच्या त्याच्या कंपनीचा, आणि बहुधा कुलपात. तो नसेल तर दार उघडावे, ब्रेक दाबावा आणि कोणता आकडा हलतो ते पाहावे. सांचीच्या लहान लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात हे पाहून जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ‘दानं’ हा शब्द ओळखला, रीत तीच. मात्र नुसते ऐकावे. चालत्या गाडीत आपण होऊन संदेश सोडू नये.

एक भाग मात्र खुला आहे. धुराच्या नियमांमुळे ठरावीक प्रश्नांना ठरावीक पद्धतीने उत्तर देणे गाडीला भाग पडते. सुकाणूखाली सोळा पिनांची खाच असते. तिच्यातील ६ आणि १४ या पिना कॅनच्या. सहकाऱ्यांनी तिथे एक लहान जोडयंत्र लावले आणि फोनवरून ‘०१ ०५’ विचारले. निरोगी गाडी ‘४१ ०५ ७बी’ असे काही सांगते. ४१ म्हणजे ०१चे उत्तर, ०५ म्हणजे इंजिनातील पाण्याचे तापमान, आणि ७बी ही सोळाच्या पायावरची संख्या, आपली १२३. तीतून ४० वजा करायचे : ८३ अंश. माझ्या गाडीने सांगितले ‘४१ ०५ ००’. शून्यातून चाळीस गेले, उणे ४०.

या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो. तार तुटली की रोध अमर्याद, आणि इंजिनाला वाटते कडाक्याची थंडी पडली. पी०११८ची व्याख्या मग नीट वाचली. तीत ‘सेन्सर निकामी’ असे कोठेही नाही. ‘तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त’ एवढेच आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, तार, प्लग, सगळा परिपथ. गॅरेजमध्ये नेमका तोच शब्द वाचताना गळला होता.

प्लग उघडला तर आतली एक पिन मागे सरकलेली. ती पुढे ढकलून प्लग घट्ट बसवला आणि पुन्हा विचारले. आकडा शून्यावरून उठला, इंजिन तापेल तसा चढत गेला. पंखा थांबला. काढून टाकलेला जुना सेन्सर मी मागून आणला, लावून पाहिला. तोही बरोबर तापमान सांगतो.