मध्येच उगवणाऱ्या चौकटी

तंजावूरच्या राजवाड्याचं रेखांकन संगणकावर करायचं, तर काम चिकाटीचं आहे. नायकांच्या काळातलं मूळ बांधकाम, त्यावर व्यंकोजीराजांपासून १८५५ साली गादी खालसा होईपर्यंत भोसल्यांनी घातलेली भर, दरबार हॉलच्या कमानी आणि खांब, पलीकडे सरस्वती महाल ग्रंथालय. इतक्या जुन्या इमारतीत भिंती काटकोनात मिळतीलच याची खात्री नाही आणि जाडीही सगळीकडे सारखी नसते.

समजा, अशा कामासाठी एखाद्या वास्तुविशारदाकडे तीन वेगवेगळ्या कार्यालयांतून फायली आल्या. ऑटोकॅड या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली फाईल उघडताच चौकट येते: अमुक फॉन्ट सापडत नाही, दुसरा निवडा. ती मिटवली की दुसरी: जोडलेले नकाशे जागेवर नाहीत. मग तिसरी: यातल्या काही वस्तू दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाल्या आहेत. दरबार हॉलचा एक खांब दिसायच्या आत तीनदा ‘ओके’. चार दिवसांत बोटाला इतकी सवय होते, की चौकटीत काय लिहिलंय ते डोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

ॲपलचा मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रॅस्किन यांनी ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या २००० सालच्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं होतं. ‘नक्की पुसायचं का?’ असं दर वेळी विचारलं, तर माणूस विचार करत नाही. ‘पुसा’ आणि ‘हो’ मिळून त्याची एकच हालचाल बनते. त्यापेक्षा केलेलं उलटवायची सोय द्यावी, असं त्यांचं म्हणणं. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये परवानगीच्या चौकटींचा मारा केला, तेव्हा हा धडा लाखो लोकांनी घरबसल्या घेतला. पुढच्या विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या कमी कराव्या लागल्या.

गंमत अशी, की नकाशाच्या सॉफ्टवेअरला यावरचा उपाय सुरुवातीपासून माहीत होता. डिसेंबर १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडचा सगळा संवाद पडद्याच्या तळाशी असलेल्या आज्ञेच्या ओळीवर चालायचा. तिथेच प्रश्न, तिथेच उत्तर, तिथेच चूक कळायची. पुढच्या आवृत्त्यांत एफ-२ दाबलं की मागचं बोलणं पुन्हा वाचता येऊ लागलं. चौकटींचा सुळसुळाट नंतरचा. जुने ड्राफ्ट्समन आजही आज्ञेच्या आधी एक आडवी रेघ टाइप करतात, म्हणजे चौकट न उघडता काम खालच्या ओळीवरच उरकतं. ‘फाइलडिया’ या सेटिंगची किंमत शून्य केली, तर फाईल निवडायची चौकटसुद्धा गप्प बसते.

फ्रीकॅड या मुक्त सॉफ्टवेअरची चाल अलीकडची आहे. त्यात ‘रिपोर्ट व्ह्यू’ नावाचा पट्टा आधीपासून होता: इशारा नारिंगी, चूक लाल. ऑगस्ट २०२३ च्या ०.२१ आवृत्तीत त्याला सूचनांच्या जागेची जोड मिळाली. आता बऱ्याच सूचना खालच्या कोपऱ्यात क्षणभर दिसतात, हाताखालचं काम न अडवता मावळतात आणि यादीत जमा होतात. न वाचलेल्या किती, तो आकडाही दिसतो. राजवाड्याच्याच भाषेत सांगायचं, तर चोपदाराच्या ललकारीऐवजी कारकुनाची नोंद. ललकारी हवेत विरते, नोंद दप्तरात राहते. ब्लेंडर या त्रिमितीय रचनेच्या सॉफ्टवेअरने तर वापरणाऱ्याला अडवायचं नाही, हे धोरणच मानलं आहे. केलेली बहुतेक कामं त्याच्या ‘इन्फो’ खिडकीत पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ओळींत उतरतात आणि त्या ओळी तशाच उचलून पुन्हा वापरता येतात.

खरा फायदा या नोंदीचा आहे. मिटवलेली चौकट पुन्हा सापडत नाही. ‘काहीतरी एरर आला होता’ एवढंच सहकाऱ्याला सांगता येतं. पट्ट्यातली ओळ मात्र कॉपी करून पाठवता येते, वर-खाली पाहून आधी काय केलं होतं तेही कळतं.

म्हणून प्रत्येक चौकट हद्दपार करावी, असं मात्र नाही. जुन्या फाईलवर नवी लिहिली जाणार असेल किंवा डिस्क भरल्यामुळे काम जतनच होत नसेल, तर कोपऱ्यातली नारिंगी ओळ कामाची नाही. तिथे माणसाला थांबवलंच पाहिजे. शिवाय पट्टा बंद असेल, तर लाल अक्षरं कोण बघणार? फ्रीकॅडमध्ये चूक झाली की पट्टा आपोआप उघडावा, अशी सोय आहे ती त्यासाठीच.

आणि जागा बदलली म्हणून मजकूर सुधारत नाही. फ्रीकॅडमध्ये एखाद्या कडेला गोलाई देताना भूमितीचं इंजिन अडलं, की ‘बीरेप एपीआय: कमांड नॉट डन’ एवढंच उमटतं. कोणती कड, कुठे अडलं, किती गोलाई चालली असती, काही नाही. हा मजकूर चौकटीत असो वा पट्ट्यात, कमानीची कड घडवणारा तिथेच खोळंबतो. ऑटोकॅड निदान भिंतीत रेघा भरताना आकृती बंद नसेल, तर जिथे फट राहिली त्या टोकांभोवती लाल वर्तुळं काढून दाखवतं.