शाळेतील प्रार्थना आणि संमतीचा प्रश्न

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या युनियनच्या कचेरीत येणारा कामगार बहुधा पगाराचे, बोनसचे वा बडतर्फीचे गाऱ्हाणे घेऊन येतो. काही वर्षांपूर्वी पॉवर प्रेसवर काम करणारा एक कामगार निराळेच गाऱ्हाणे घेऊन आला. "भाऊ, प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून पोरीला शाळेत रांगेबाहेर उभी केली. आता काय करायचं?" बोनसचा कायदा आम्हांस तोंडपाठ होता, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही राज्यघटना उघडून बसलो. तेव्हा जे समजले ते येथे मांडतो.

घटनेच्या २८व्या अनुच्छेदाने शिक्षणसंस्थांचे तीन प्रकार मानले आहेत. जी संस्था सर्वस्वी सरकारी पैशावर चालते, तेथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. कारभार सरकारचा, पण मूळ देणगीने वा न्यासाने धार्मिक शिक्षणाची अट घातलेली, अशा संस्थेस ह्यातून सूट आहे. तिसरा प्रकार मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थांचा. तेथे धार्मिक शिक्षण वा उपासना चालू शकते. परंतु व्यक्तीच्या संमतीवाचून, आणि ती अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीवाचून, तिला त्यात भाग घ्यावयास लावता येत नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह्या कलमावर चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे थोडक्यात असे की, सर्वांच्या करांचा पैसा एका धर्माच्या शिकवणीवर खर्चणे योग्य नव्हे. आणि येथे धर्म इतके आहेत की प्रत्येकाची सोय करणे सरकारला शक्य नाही.

ह्याचा अर्थ शाळेत धर्माचे नावच काढू नये, असा नाही. बुद्ध, महंमद पैगंबर वा तुकोबा ह्यांची ओळख करून देणे निराळे आणि उपासना करावयास लावणे निराळे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली धर्मांविषयीचा अभ्यास आणि धार्मिक शिक्षण ह्यांत असाच भेद केला.

ह्या अनुच्छेदाची कसोटी आमच्या नाशकातच लागली. एका माध्यमिक शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यावरून त्यांना वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग आहे. आम्हां कामगारांस ह्यातले मर्म चटकन कळते. सद्सद्विवेकाचा प्रश्न वरून मोठा तात्त्विक दिसतो. पण तो शेवटी पगाराच्या चिठ्ठीवर येऊन ठेपतो.

"सक्ती कोठे आहे? ज्याला नको त्याने गप्प राहावे," असे कोणी म्हणतील. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातही हेच म्हटले जात होते. तेथील प्रार्थना अवघ्या २२ शब्दांची, कोणत्याही एका पंथाची नव्हे. मुलाला गप्प राहण्याची वा बाहेर जाण्याची मुभा होती. तरीही १९६२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. तेथे धर्मसंस्था आणि राज्यसंस्था ह्यांच्यामध्ये भिंत मानतात. आपल्या घटनेने तशी भिंत घातली नाही. संमतीचे दार ठेवले. परंतु दार ठेवले की त्याची कडी कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते. हजेरी मांडणारा, गुण देणारा, बढती देणारा समोर उभा असताना दिलेली संमती कितपत खरी? ओव्हरटाइम 'ऐच्छिक' असतो म्हणजे कसा असतो, हे कारखान्यात राबलेल्या माणसाला सांगावयास नको.

त्या कामगाराला आम्ही अर्ज लिहून दिला. तो म्हणाला, "सही केली तर पोरीवर राग काढतील." ही भीती खोटी नव्हती. मग आम्ही वस्तीत हिंडलो. चार पालक सहीला तयार झाले. त्यांतील दोघांच्या मुली आनंदाने हात जोडीत असत; तरी त्यांनी सही केली. अर्जानंतर ती मुलगी पुन्हा रांगेत उभी राहू लागली, हात बाजूला ठेवून.

हक्क घटनेने एकेकाला दिला आहे. तो वापरताना मात्र शेजाऱ्याची सही लागते. जो हात जोडतो त्याने, न जोडणाऱ्याच्या बाजूने उभे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.