गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले. ड्रायव्हरवर संशय घेण्यापूर्वी हे तपासा

व्यापारी बंधूंनो, ताग्यामागे दोन रुपये कमी करून घेण्यासाठी आपण इचलकरंजीत अर्धा अर्धा तास घासाघीस करतो. परंतु तोच तागा दुकानापर्यंत आणणारी गाडी किती डिझेल पिते, याचा हिसाब आपल्यापैकी फार थोडे लोक ठेवतात. शिवाजी पेठ, महाद्वार रोड या भागातील अनेक कापड दुकानदारांकडे आज स्वतःची पिकअप किंवा निदान 'छोटा हत्ती' आहे. इचलकरंजीहून कापडाच्या गाठी, गांधीनगरहून रेडीमेडचे गठ्ठे आणि आठवडी बाजारासाठी गारगोटी, गडहिंग्लजकडे माल अशा खेपा चालू असतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले, तेव्हापासून ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी राहिलेली नाही.

साधा हिसाब पाहा. गाडी रोज ८० किलोमीटर आणि महिन्यात २५ दिवस चालते असे धरले, तर २,००० किलोमीटर होतात. अ‍ॅव्हरेज १२ चे असेल तर सुमारे १६७ लिटर डिझेल लागते आणि ९ चे असेल तर २२२ लिटर. फरक ५५ लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० रुपये. पेठेतल्या लहान दुकानात एवढ्या पैशात नोकराचा अर्धा पगार निघतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अ‍ॅव्हरेज १८ वरून १५ वर आले काय आणि १२ वरून ९ वर आले काय, दोन्हीत फरक ३ चाच दिसतो. पण पहिल्या बाबतीत त्याच २,००० किलोमीटरला फक्त २२ लिटर जास्त लागतात, दुसऱ्या बाबतीत ५५. म्हणून अ‍ॅव्हरेज आधीच कमी असलेल्या मालवाहू गाडीत लहानशी घटही खिशाला मोठे भोक पाडते.

आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण सांगतो. त्यांनी पिकअप घेतली आणि दोन वर्षे ती बाराच्या आसपास अ‍ॅव्हरेज देत होती. मग धंदा वाढला म्हणून त्यांनी हौद्यात जाड लोखंडी पत्रा ठोकून घेतला, कमानपाट्यात दोन पाटे वाढवले, केबिनच्या वर दोन फूट जाईल असे हुड बसवले आणि रुंद टायर टाकले. गाडी दिसायला रुबाबदार झाली. अ‍ॅव्हरेज मात्र नऊवर आले. सगळ्यांनी एकच निदान केले, ते म्हणजे ड्रायव्हर डिझेल विकतो. ड्रायव्हर नऊ वर्षांचा जुना माणूस. तो म्हणाला, "शेठ, टाकीला कुलूप घाला आन् किल्ली तुमच्याजवळ ठेवा, मग बघा." कुलूप घातले. महिनाभराने आकडा पाहिला तर तोच, नऊ.

त्यानंतर इंजिनावर खर्च झाला. नोझल तपासले, फिल्टर बदलले. फरक पडला नाही, कारण दोष इंजिनात नव्हताच. तो बाहेरून चढवलेल्या सामानात होता.

सर्वांत आधी टायर. हा मुद्दा मेकॅनिकच्याही लवकर लक्षात येत नाही. मूळचा टायर २१५/७५ आर १५ मापाचा असेल आणि त्या जागी २३५/७५ आर १५ टाकला, तर चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटरवरून ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. मीटर मात्र चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. गाडी खरोखर १०४ किलोमीटर चालली तरी काटा १०० च दाखवतो. म्हणजे मीटरवरून काढलेले ९ चे अ‍ॅव्हरेज प्रत्यक्षात ९.४ च्या जवळ असते. ती तूट ड्रायव्हरच्या नावावर लिहिली जाते! तपासणी सोपी आहे. हायवेवरचे किलोमीटरचे दगड पाहून ५० किलोमीटर चालवा आणि मीटर काय म्हणतो ते लिहून घ्या. ४८ दाखवत असेल तर चूक टायरची समजावी.

अर्थात सगळा फरक कागदावरचा नसतो. मोठ्या चाकामुळे गिअर जड होतो, म्हणून भरलेली गाडी गल्लीबोळात खालच्या गिअरमध्येच ओढावी लागते. रुंद टायरचे स्वतःचे वजन वेगळेच.

दुसरी गोष्ट हुडाची. कापडाच्या धंद्यात माल दोन प्रकारचा असतो. गाठी जड पण आटोपशीर, तर रेडीमेडचे आणि ब्लँकेटचे गठ्ठे हलके पण फुगीर. उंच हुड या दुसऱ्या मालासाठी बांधले जाते, पण ते आठवड्याचे सातही दिवस गाडीच्या डोक्यावर राहते. गाडीची रुंदी १.७ मीटर आणि वाढवलेली उंची दोन फूट धरली, तर वाऱ्याला अडवणारी एक चौरस मीटरची भिंतच आपण उभी केली असे होते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले की तो पावणेदोन पटीहून थोडा जास्त होतो. गावात याचा फरक जाणवत नाही. कागलकडे हायवेला लागले की जाणवतो. गाडी रिकामी असली तरी वारा सवलत देत नाही.

तिसरे वजन. तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन एका चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरते. अडीच मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद हौद्यात तो अंथरला की शंभर किलोच्या वर बोजा कायमचा चढला. पाटे आणि हुडाच्या सांगाड्याचे वजन निराळे. आर.सी. बुकात गाडीचे एकूण वजन ठरलेले असते, म्हणून हे शंभर-दोनशे किलो आपल्या मालाच्या वजनातूनच वजा होतात. पैसे देऊन आपण आपलेच भाडे कमी करून घेतो, हा कुठला दस्तूर?

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहेत. पाटे वाढवले म्हणजे पासिंगचे वजन वाढले, हा समज निव्वळ खोटा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम हेच फेरफार पाहते.

आता बिनखर्चाच्या किंवा किरकोळ खर्चाच्या बाबी. टायरमधील हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे कंपनीच्या पुस्तकात किंवा दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर वेगवेगळे दिलेले असतात. दहा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ सांभाळून हात न्यावा. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर ब्रेक चिकटत आहे किंवा बेअरिंग गेले आहे असे समजावे. वरील व्यापाऱ्यांच्या गाडीत मागचे एक चाक असेच निघाले. पुढच्या चाकांचे अलाइनमेंटही पाहून घ्यावे.

इंजिन थंड राहावे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती सोडावी. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते आणि तोवर जादा डिझेल जाळते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर धूळ फार असते, तेव्हा एअर फिल्टरची मुदत पुस्तकातल्या मुदतीपेक्षा लवकर संपते. आंबा घाट किंवा फोंडा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडणे हा तर जिवाशी खेळ आहे, आणि त्यात बचतही नाही. आजच्या डिझेल गाडीत पाय काढून गिअरमध्येच उतरले की इंजिनाचे डिझेल बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. गांधीनगरच्या गर्दीत माल भरताना चालू ठेवलेले इंजिनही असेच फुकट खाते.

हिसाब ठेवण्याची रीत अशी असावी. एकाच पंपावर टाकी फुल करायची, नळी आपोआप बंद झाली की थांबायचे, पुढच्या वेळी तसेच फुल करून भरलेल्या लिटरने किलोमीटरला भागायचे. एका भरण्यावरून निष्कर्ष काढू नये, चार-पाच भरण्यांची सरासरी घ्यावी. वहीत तारीख, मीटर, लिटर यांबरोबर 'भरलेली की रिकामी' आणि 'घाट की सपाट' असे दोन रकाने जरूर ठेवावेत. त्यांच्याविना दोन महिन्यांची तुलना म्हणजे सुती आणि रेशमी एकाच भावात लावणे होय.

त्या व्यापाऱ्यांनी पुढे मूळ मापाचे टायर परत घातले, पत्रा काढला, ब्रेक दुरुस्त करून घेतला आणि हुड उतरवून रेडीमेडच्या खेपेपुरती ताडपत्री व रस्सी ठेवली. पाटेही मूळचे झाले. अ‍ॅव्हरेज अकराच्या वर आले आहे. ड्रायव्हर मात्र तोवर गांधीनगरच्या दुसऱ्या एका गाडीवर लागला होता. निरोप पाठवूनही तो परत आला नाही.