चार दिवसांचं आजोळ

रस्त्यावर सापडलेलं पिल्लू असो की घराला पारखा झालेला पाळीव कुत्रा, कायमचं घर मिळेपर्यंत त्याला मध्ये एक आसरा लागतो. तो तुमच्या घरातल्या एका कोपऱ्यातही असू शकतो.

बंगळुरूच्या पूर्वेचं के. आर. पुरम म्हणजे कृष्णराजपुरम. चेन्नईच्या रेल्वेमार्गावरचं गजबजलेलं स्टेशन, ओल्ड मद्रास रोडवरची न संपणारी रहदारी, तारांनी तोललेला पूल आणि 2023 पासून व्हाइटफील्डकडे धावणारी मेट्रो. एका अंगाला आयटीआय कारखान्याची जुनी दूरवाणीनगर वसाहत, तर दुसऱ्या अंगाला संगणकवाल्यांच्या टोलेजंग इमारती. पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांनाही हा परिसर चांगलाच ओळखीचा.

अशा वस्तीत माणसांची ये-जा मोठी. दोन वर्षांचा करार संपतो, बदली होते किंवा परदेशचा व्हिसा येतो. सामान पॅकर्सवाले नेतात, पण हौसेनं आणलेल्या लॅब्रेडॉरचं काय, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात उभा राहतो. मग कुणी त्याला आश्रयस्थानाच्या दारात बांधून जातं, कुणी गाडीत घालून लांब सोडून येतं. सबळ कारणाशिवाय जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं.

आश्रयस्थान पुरं का पडत नाही?

बंगळुरूला प्राणिमित्रांची जुनी परंपरा आहे. 1959 मध्ये भारतात आलेल्या क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी आधी दिल्लीत, मग जयपूरला प्राण्यांसाठी काम उभं केलं. वयाची ऐंशी वर्षं उलटल्यावर त्या बंगळुरूत आल्या आणि 1991 मध्ये ‘कंपॅशन अनलिमिटेड प्लस अॅक्शन’ म्हणजे ‘क्यूपा’ ही संस्था सुरू झाली. 1996 मध्ये रॉजर्सबाई गेल्या. संस्था मात्र आजही जखमी, बेवारस प्राण्यांना सांभाळते आणि त्यांना घरं मिळवून देते.

पण अशा संस्थांची जागा ती किती? 2023 च्या पाहणीत बंगळुरूच्या महापालिका हद्दीतले रस्त्यावरचे कुत्रे सुमारे 2 लाख 79 हजार भरले. अर्थात या सगळ्यांना घर हवं असतं असं नाही. आपल्या गल्लीत रुळलेला धडधाकट कुत्रा नसबंदी आणि लस झाल्यावर त्याच गल्लीत सोडावा, हाच नियमांचा रोख आहे. मात्र 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळा, इस्पितळं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा ठिकाणचे कुत्रे उचलल्यावर पुन्हा तिथेच सोडू नयेत, असा आदेश दिला. अशा आदेशानं आश्रयस्थानांवरचा भार वाढणार, हे उघड आहे.

त्यातच आईविना राहिलेली पिल्लं, पाय गमावलेले कुत्रे आणि टाकून दिलेले पाळीव प्राणी यांना रस्त्यावर जगताच येत नाही. आणि आश्रयस्थान म्हटलं, की शंभर गळ्यांचा आवाज आणि साथीची टांगती तलवार आलीच. पार्वो नावाच्या रोगाचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने तग धरतो. लसीकरण पुरं न झालेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू त्याला चटकन बळी पडतं. म्हणजे ज्या दारात त्याला जीव वाचवायला आणलं, तिथेच जीव जाण्याची भीती!

पाहुणा येती घरा

यावरचा उपाय साधा आहे. एखाद्या कुटुंबानं दोन आठवडे ते दोन-तीन महिने त्या प्राण्याला स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचं. इंग्रजीत याला ‘फॉस्टरिंग’ म्हणतात. आपल्याकडे याला ‘आजोळ’ म्हणायला हरकत नाही. मुक्काम थोडका, पण लाडाकोडाचा.

कल्पना काही नवी नाही. लंडनचं जगप्रसिद्ध ‘बॅटरसी’ श्वानगृह 1860 मध्ये मेरी टील्बी या बाईंनी सुरू केलं, तेव्हा त्याचं नावच मुळी ‘हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचं तात्पुरतं घर’ असं होतं. त्यातला ‘तात्पुरतं’ हा शब्द महत्त्वाचा.

पाहुणा आणण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. औषधपाणी, डॉक्टर आणि खाण्याचा खर्च कुणाचा, मुक्काम किती दिवसांचा आणि रात्री-अपरात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा, हे संस्थेकडून लेखी घ्यावं. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारावं. घरात आधीच कुत्रा-मांजर असेल तर त्याच्या लसी झालेल्या असाव्यात आणि पाहुण्याला पहिले दहा-पंधरा दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत सांभाळावं. पार्वोग्रस्त प्राणी घरात राहून गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं पिल्लू आणू नये.

अगदी तान्ही पिल्लं सांभाळणं सगळ्यांना झेपणारं नाही. त्यांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. गाईचं दूध बाधतं, म्हणून डॉक्टर सांगतील तेच दूध द्यावं. आई चाटते तसं कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसल्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. नोकरदार जोडप्यानं त्यापेक्षा शांत स्वभावाचा मोठा कुत्रा निवडावा. त्याला हवा असतो तो एक कोपरा, ठरल्या वेळी जेवण आणि दोन फेरफटके.

याचा आणखी एक मोठा फायदा आहे. पिंजऱ्यातला कुत्रा कसा आहे, हे कुणालाच नीट कळत नाही. घरात राहिलेला कुत्रा कुकरच्या शिट्टीला घाबरतो का, लहान मुलांशी कसा वागतो, एकटा राहतो का, हे सारं सांभाळणारी गृहिणी सांगू शकते. तिच्या या माहितीवर त्याला योग्य घर मिळतं आणि तो परत येण्याचा धोका कमी होतो.

हरवलाय, की सोडून दिलाय?

भटकताना दिसलेला प्रत्येक पाळीव प्राणी टाकून दिलेला नसतो. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून कितीतरी कुत्रे साखळी तोडून पळतात. गळ्यात पट्टा आहे का, ते आधी पाहावं. जवळच्या पशुवैद्याकडे मायक्रोचिप तपासून घ्यावी. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो. प्राणी कुठे आहे ते ती सांगत नाही. मालक शोधण्याची जाहिरात देताना एखादी खूण, समजा पोटावरचा पांढरा ठिपका, मुद्दाम लपवून ठेवावी. ती सांगेल तोच खरा मालक. फुकटात जातिवंत कुत्रा लाटणारेही टपलेले असतात! आणि प्राणी चावलाच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन थेट डॉक्टरांकडे जावं.

आपलंच जनावर हरवलं तर? आधी घराच्या आसपास शोधावं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मांजरं अर्ध्या किलोमीटरच्या आतच मिळाली होती. जिन्याखाली, पार्क केलेल्या गाडीखाली, शेजारच्या गच्चीवर पाहावं. कुत्रा दिसला तर त्याच्यामागे धावू नये. खाली बसून हळू हाक मारावी. वॉचमन, दूधवाला, पेपरवाला आणि पहाटे झाडणाऱ्या बायका यांना आवर्जून सांगावं. के. आर. पुरमसारख्या ठिकाणी नुसती इंग्रजी चिठ्ठी उपयोगाची नाही. ‘नायि काणेयागिदे’, म्हणजे ‘कुत्रा हरवलाय’, हे कन्नडमध्ये ठळक लिहून घ्यावं.

लळा लागला तर?

सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘लळा लागेल, मग देववेल का?’ लळा लागतोच. जाताना डोळ्यांत पाणीही येतं. काही घरांत पाहुणा घरचाच होऊन राहतो. त्यात वाईट काही नाही, पण मग पुढच्या पाहुण्याची जागा भरून जाते, हेही खरं.

रतन टाटांसारख्या उद्योगपतीनंही 2020 मध्ये बेवारस कुत्र्यांना घर द्या म्हणून लोकांना जाहीर विनंती केली होती. त्यांच्या बॉम्बे हाऊसमध्ये 2018 च्या नूतनीकरणानंतर भटक्या कुत्र्यांना हक्काची खोली मिळाली. एवढी जागा सर्वसामान्यांकडे कुठून असणार? पण बाल्कनीचा एक कोपरा, जुनी चादर आणि महिनाभराची सवड बहुतेकांकडे निघते.

सुट्टी संपल्यावर आजी नातवाला अडवून ठेवत नाही. डोळे पुसते, हातावर लाडू ठेवते आणि गाडीत बसवून देते. नातू सुखरूप त्याच्या घरी पोहोचला, एवढं तिला पुरतं.