दार उघडतं, पण बंद होत नाही

मागच्या हिवाळ्यात आमच्या गॅरेजचं विजेवर चालणारं दार बिघडलं. पीएच.डी.साठी अमेरिकेत आल्यापासून मी आणखी दोघींबरोबर एका जुन्या घरात भाड्याने राहते. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूंनीच करायची, असं करारात लिहिलेलं. गॅरेजमध्येच पाणी तापवायची टाकी आणि नळाचे पाइप आहेत. कडाक्याच्या थंडीत दार दिवसभर उघडं राहिलं, तर पाइप गोठून फुटायची भीती. आणि कारागीर बोलवायचा तर पैसे आमच्या फेलोशिपमधून जाणार.

तेव्हा दार मीच दुरुस्त करायचं ठरवलं. साध्या बिघाडाला मला जवळजवळ तीन आठवडे लागले. का लागले, ते सांगण्यासाठी हा लेख. संशोधनाकडे वळणाऱ्यांना दारापेक्षा माझ्या चुका जास्त उपयोगी पडतील.

लक्षण

सकाळी पावणेनऊला गाडी बाहेर काढायची, रिमोटचं बटण दाबायचं. दार हातभर खाली यायचं, थबकायचं आणि परत वर जायचं. छतावरच्या मोटरचा दिवा लुकलुकायचा. रात्री आल्यावर मात्र तेच दार मुकाट बंद व्हायचं.

बाबांना सांगलीला फोन केला. त्यांचं दुकान आहे, शटर ओढण्यात आयुष्य गेलं. ते म्हणाले, "अगं, थंडीने ग्रीस घट्ट झालं असणार. तेल सोड, बघ कसं पळतंय." मला पटलं. सकाळी थंडी असते, सकाळीच दार अडतं. झालं, कारण सापडलं!

बिजागऱ्यांना आणि चाकांना सिलिकॉनचा फवारा मारला. (रुळांत ग्रीस भरू नका, त्यात धूळ बसून चिखल होतो.) दुसऱ्या दिवशी दार बंद झालं. तिसऱ्या दिवशीही झालं. बाबांना अभिमानाने कळवलं. चौथ्या दिवशी दार पुन्हा हातभर खाली येऊन वर गेलं.

इथे मी काय चुकले?

पहिली चूक म्हणजे लक्षण पूर्ण वाचलं नाही. दार उघडताना कधीच अडत नव्हतं, फक्त बंद होताना अडत होतं. घट्ट झालेलं ग्रीस वर जाताना दाराला सोडेल आणि खाली येतानाच पकडेल, असं कसं होईल?

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. रात्री आठला बाहेर उणे १० अंश असतानाही दार बंद व्हायचं. म्हणजे थंडीच्या कल्पनेविरुद्धचा पुरावा रोज समोर होता. पण मी स्वतःची समजूत घातली की सकाळी एकदा हलल्यावर ग्रीस मोकळं होत असेल. आवडत्या कल्पनेला वाचवण्यासाठी आपण किती पटकन नवी पुरवणी जोडतो, ते इथे मला कळलं.

तिसरी चूक म्हणजे दोन दिवसांच्या यशाला मी सिद्धता मानलं. फवारा मारला नसता तर त्या दोन दिवशी काय झालं असतं, हा प्रश्नच विचारला नाही.

मग पद्धतशीर सुरुवात

अशा दाराचे ढोबळ मानाने चार भाग समजून घ्या: दार आणि त्याचं वजन तोलणारी स्प्रिंग, मोटर, आज्ञा देणारं बटण किंवा रिमोट आणि सुरक्षेचे सेन्सर. एका वेळी एकच भाग तपासायचा.

स्प्रिंग: दार बंद असताना मोटरपासून लोंबणारी लाल दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं. मग हाताने अर्ध्यावर उचलून हलकेच आधार कमी करायचा. दार तिथेच थांबलं तर तोल बरोबर आहे. खाली येऊ लागलं किंवा उचलायलाच जड गेलं, तर तिथेच थांबा आणि कारागिराला बोलवा. दाराचं वजन सहज ६०-७० किलोच्या पुढे जातं आणि ते पेलणारी स्प्रिंग प्रचंड पिळलेली असते. तिच्या बोल्टला हात लावायचा नाही. दार उघडं असताना लाल दोरीही ओढायची नाही, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन कोसळतं. आमचं दार अर्ध्यावर शांत उभं राहिलं.

मोटर: भिंतीवरचं बटण दाबून धरून ठेवलं की बहुतेक यंत्रं सेन्सरकडे दुर्लक्ष करून दार खाली आणतात. दाराखाली कोणी नाही हे डोळ्यांनी बघत एका 'वाईट' सकाळी हे करून पाहिलं. दार सरळ बंद झालं! मोटर ठीक, रूळ ठीक, ग्रीस ठीक. उरले सेन्सर.

दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभराच्या आत, दोन छोट्या डब्या असतात. एक अवरक्त किरण सोडते, दुसरी तो पकडते. किरण तुटला की मधे कोणीतरी आहे असं समजून दार परत वर जातं. म्हणूनच हा बिघाड उघडताना दिसत नाही.

काचा पुसल्या, डब्या समोरासमोर आहेत का ते पाहिलं. सगळं ठीक. मग वहीत रकाने आखले: वेळ, तापमान, ऊन की ढग, निकाल. ११ सकाळी नोंदी केल्या. ५ दिवस ऊन होतं, पाचही दिवस दार अडलं. ६ दिवस ढग होते, सहाही दिवस बंद झालं. त्यातली सगळ्यात थंड सकाळ ढगाळ होती. आणि फवाऱ्यानंतरचे ते दोन यशस्वी दिवस? फोनमधले फोटो काढून पाहिले. दोन्ही दिवस आभाळ भरलेलं.

आमचं दार पूर्वेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो. किरण पकडणारी डबी चौकटीच्या उत्तर बाजूला, म्हणजे तोंड दक्षिणेकडे. सकाळचं तिरपं ऊन थेट तिच्या काचेवर येत होतं. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो, त्यात समोरच्या डबीचा क्षीण संकेत बुडून जातो. गंमत म्हणजे मी प्रयोगशाळेत दिवसभर प्रकाश मोजते आणि मोजण्याआधी खोलीतले दिवे न चुकता बंद करते!

पण नोंदींतून दिसला तो फक्त संबंध. कारण ठरवायचं तर हस्तक्षेप हवा. पुढच्या उन्हाच्या सकाळी त्या डबीवर पुठ्ठ्याने सावली धरली, किरण न अडवता. दार बंद. पुठ्ठा काढला, दार परत वर. पुन्हा धरला, पुन्हा बंद. असं तीनदा केलं.

सोपा पण चुकीचा उपाय

मधल्या काळात घरातल्या ताईने सुचवलं होतं की दोन्ही डब्या काढून एकमेकींकडे तोंड करून चिकटपट्टीने बांधू आणि फळीवर ठेवू. दार नक्की बंद झालं असतं. पण अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनणाऱ्या घरगुती यंत्रांना दाराखाली कोणी अडकू नये यासाठी जादा संरक्षण सक्तीचं झालं, ते अशा दारांखाली मुलं दगावल्यामुळे. शेजारचा चार वर्षांचा मुलगा चेंडूमागे आमच्या गॅरेजमध्ये पळत येतो. सेन्सर त्रास देतोय म्हणून त्याचं तोंड बंद करणं मला जमलं नसतं. प्रयोगातला नकोसा बिंदू कारण न शोधता खोडून टाकणं हाही मला त्याच जातीचा प्रकार वाटतो.

शेवटी दोन्ही डब्यांच्या जागा बदलल्या. आता किरण पकडणारीचं तोंड उत्तरेकडे आहे. खर्च शून्य. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो, तेव्हा भल्या सकाळी पुन्हा कुरकुर होऊ शकते. हे भाकीत तारखेसह वहीत लिहून ठेवलं आहे, जूनमध्ये तपासेन.

तुमचा प्रयोग अडला की कशालाही हात लावण्याआधी एका कागदावर दोन याद्या करा: काय बिघडतं आणि काय बिघडत नाही. दुसरी यादी करायचा आपल्याला कंटाळा येतो, पण मला उत्तर तिथेच सापडलं.

बाबांना सगळं सांगितलं. क्षणभर गप्प राहून म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण तेल सोडल्याने नुकसान तर नाही ना झालं?" नाही झालं बाबा. दार आता आवाज कमी करतं.