संत्र्याचा बहार आणि खताची वेळ



आंबिया बहार फुलला की पांढुर्णा-सौंसरच्या वाटेवर संत्र्याच्या फुलांचा वास दरवळतो व मन प्रसन्न होते. पण दोन महिन्यांनी त्याच बागांतून तक्रार येते, "फादर, फूल भरपूर आले, पण सारे गळाले. आता बाग तोडावी म्हणतो." कुऱ्हाड उचलण्यापूर्वी आपण खत केव्हा व कोठे दिले, याचा विचार करावा.

झाड फुलावर आलेले पाहिले की पुष्कळजण युरियाचे पोते फोडतात. हेतू चांगला, पण वेळ चुकते. फुलाच्या वेळी एकदम जास्त नत्र मिळाले की झाडाचा जोर पालवीकडे जातो. नवी पालवी आणि कोवळे फळ यांच्यात अन्नासाठी ओढाताण होते. शिवाय कोवळ्या नवतीवर सायला व मावा तुटून पडतात. म्हणजे खताचा खर्च झाला, वर औषधाचाही झाला.

लक्षात ठेवावे की फुलाचे खत फुलाआधी द्यायचे असते. जानेवारीत बागेचा ताण तोडताना, पहिल्या हलक्या पाण्याबरोबर, शेणखत, अर्धे नत्र आणि सर्व स्फुरद व पालाश द्यावे. उरलेले अर्धे नत्र फळ वाटाण्याएवढे झाल्यावर द्यावे. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला ६०० ग्रॅम नत्र द्यायचे ठरले, तर त्याचा युरिया सुमारे १ किलो ३०० ग्रॅम होतो. म्हणजे एका वेळी ६५० ग्रॅम. मात्र सर्व जमिनी सारख्या नसतात. माती तपासून घ्यावी आणि कृषी विज्ञान केंद्राचा किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा.

खत बुंध्याशी ओतू नये. अन्न घेणारी बारीक मुळे झाडाच्या घेराखाली, वरच्या थरात असतात. तेथे गोल आळे करून खत मातीत मिसळावे. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे. नाहीतर डिंक्या रोगाला आमंत्रण मिळते.

बहार फुलात असताना पाणी हलके व नियमित द्यावे. जमीन फार कोरडी पडली तरी गळ होते आणि पाणी साचले तरी होते. फुले उमललेली असताना कीटकनाशक फवारू नये, कारण मधमाश्या मरतात. आणि थोडी गळ पाहून घाबरू नये. झाड आलेल्या प्रत्येक फुलाचे फळ करू शकत नाही. पेलतील तेवढीच फळे ते ठेवते.

संत लूकच्या शुभवर्तमानात (१३:६-९) फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक ते तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एक वर्ष मागतो. झाडाभोवती खणीन, खत घालीन, असे म्हणतो. त्याने खताबरोबर वेळही मागितला, हे आपण ध्यानात घ्यावे. देव आपल्याशी असाच धीराने वागतो. आपणही आपल्या बागेला, वेळेवर खत देऊन, आणखी एक वर्ष द्यावे.

आपला,
धर्मगुरू