रात्रीच्या बाईंचा पगार

माझे वडील मुष्टिफंडाच्या धान्यावर शिकले. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात ते होते, तेव्हा खेडोपाडीच्या बायका रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवत आणि ती बोर्डिंगाला पोहोचे. ज्वारी, बाजरी, कधी नाचणी, सगळं एकाच पोत्यात. ‘आमच्या भाकरीचा रंग दर आठवड्याला बदलायचा,’ असं आबा सांगत. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. ते ऐकून आजही माझा घसा दाटून येतो. पण देणगीचा विचार करताना मला आठवते ती मूठ. ती रोज निघायची.

मी बत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. आता पेन्शनीतले महिन्याला दोन हजार रुपये मी संस्थांसाठी ठेवते, आणि कुणाला किती ते भाद्रपदात, आबांच्या तिथीला ठरवते. दोन हजार म्हणजे काही फार नव्हेत. म्हणूनच ते नीट जायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पूर्वी मी तसं करत नव्हते. दारात कुणी पावतीपुस्तक घेऊन आलं की शंभर, वर्तमानपत्रात फोटो पाहून डोळे भरले की पाचशे. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीला नातेवाइकांकडे गेले, तेव्हा रस्त्याच्या कडेला भिजलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पाहिले. लोकांनी चांगल्या मनानेच पाठवले होते. आठवडाभर आधी मीही दोन गाठोडी बांधून दिली होती. चिखल उपसणाऱ्या घरातल्या बाईला तेव्हा फावडं, ब्लिचिंग पावडर आणि कोरडी चटई हवी होती.

मग आमच्याच जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात नातीच्या वाढदिवसाचं जेवण द्यायला गेले. तिथल्या अधीक्षक बाईंनी चहा दिला आणि संकोचत म्हणाल्या, ‘काकू, रागावू नका. गोडाधोडाचं जेवण महिन्यातून दहा-बारा वेळा कुणी ना कुणी देतं. रात्री मुलींजवळ झोपणाऱ्या बाईंचा पगार मात्र कुणी देत नाही. पाटीवर काय लिहिणार त्याचं?’

त्या रात्री मला झोप आली नाही. पंगत वाढताना मुलींचे चेहरे दिसतात, फोटो निघतो. लहान मुलीला मध्यरात्री ताप भरला की उठून कपाळावर पट्टी ठेवणारी बाई कुणाला दिसत नाही. संस्था टिकते ती अशा माणसांवर, विजेच्या बिलावर, गाडीच्या डिझेलवर. देणगीदार मात्र अट घालतात: आमचे पैसे पगारावर खर्च करायचे नाहीत. ही अट मला अन्यायाची वाटते. बाईंचा पगार तेव्हा आठ हजार होता. मी महिना हजार द्यायचं ठरवलं. वर्षाकाठी त्यातून दीड महिन्याचा पगार निघतो.

उरलेले हजार दोन ठिकाणी जातात. पाचशे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला. आमच्या घरातला एक तरुण माणूस दारूने गेला. त्याला वेळेवर तिथे नेलं असतं तर, हा प्रश्न माझ्या आईने मरेपर्यंत विचारला. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ साली ते केंद्र उभं राहिलं. दुसरे पाचशे भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्पाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली तिथे काम सुरू केलं. एक संस्था जवळची, जिथे मी एसटीने जाऊन यावं. एक दुखऱ्या जागेची. आणि एक अशा लोकांसाठी, ज्यांच्याशी माझा काही संबंध नाही. माझी निवड अशी झाली. दुसऱ्याच्या दुखऱ्या जागा वेगळ्या असणार.

बँकेतली सवय म्हणून मी हिशेब मागते. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असावा. लेखापरीक्षकाने तपासलेला ताळेबंद आणि जमाखर्च दरवर्षी तयार व्हावा लागतो. तो मागितल्यावर चांगल्या संस्थेला राग येत नाही. एका ठिकाणी मला सांगितलं गेलं, ‘रोख द्या, पावतीचं बघू.’ मी पर्स बंद करून उठले. करसवलतीपुरतं सांगायचं तर ८०जी म्हणून आपण ओळखतो ती सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर मिळतच नाही. माझ्या पेन्शनीला तो प्रश्नच येत नाही.

न्यू जर्सीतल्या भाच्याला मात्र मला समजावावं लागलं. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यामुळे त्याचे पैसे कायद्याने परकीय देणगी ठरतात. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि रक्कम आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात यावी लागते. आमच्या छोट्या वसतिगृहाकडे ती नोंदणी नाही. भारताचा पासपोर्ट असलेल्या त्याच्या मित्राला ही अडचण आली नाही. ‘मावशी, मी अजून आपलाच आहे ना?’ असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा मला काय बोलावं सुचेना. नोंदणी असलेल्या संस्थांची नावं मी त्याला पाठवली.

गेल्या भाद्रपदात वसतिगृहाचा फोन आला. रात्रीच्या बाई गुडघ्यांमुळे काम सोडून गावी गेल्या होत्या. नव्या बाई आल्या होत्या, नऊ हजारांवर. दीड महिन्याचे आता साडेतेरा हजार होतात. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बदलून घेतली: दरमहा अकराशे पंचवीस.